वाटणीतली लेन्स आणि बडोद्याची गच्ची

डिजिटल कॅमेरा मी काटकसर म्हणून घेतला. हे वाक्य घरात मी इतक्यांदा म्हटलंय की आता माझं मलाच पटायला लागलंय. "साहेब, तुमच्याकडची जुनी लेन्स याला बसेल," असं दुकानदार म्हणाला आणि मी तिथल्या तिथे अर्थतज्ज्ञ झालो. जुनी लेन्स म्हणजे बायकोची. शैला लग्न होऊन आली तेव्हा तिच्यासोबत तिच्या वडिलांचा, नानांचा, फिल्मचा कॅमेरा आला होता. सोबत आलेल्या स्टीलच्या डब्यांना पोचे आले, माझ्या स्वभावालाही आले. कॅमेरा मात्र ठणठणीत. त्याला एकच लेन्स, वाइड, पितळी वजनासारखी जड.

तर आमच्याकडे कॅमेरे दोन आणि लेन्स एक.

यंदा संक्रांतीला बडोद्याला, तिच्या माहेरी, जायचं ठरलं. तिकडे संक्रांतीला उत्तरायण म्हणतात आणि दोन दिवस अख्खं शहर गच्चीवर राहायला जातं. मी म्हणालो, "तुझा डबा राहू दे घरी. एका रोलमध्ये छत्तीस फोटो! छत्तीस तर मी गाडी गेटाबाहेर काढेपर्यंत काढतो."

"काढता ना. बघते मी ते कधीकधी. बोटाचे असतात."

वाद वाढला आणि शेवटी करार झाला. दोन्ही कॅमेरे न्यायचे, लेन्स आळीपाळीने वापरायची. ज्याचे फोटो सरस, लेन्स कायमची त्याची; दुसऱ्याचा कॅमेरा माळ्यावर. पंच नाना, कारण मूळ मालक तेच. पंच म्हणून समोरच्या पक्षाचे वडील मी आनंदाने मान्य केले, यावरून माझा आत्मविश्वास किती होता आणि अक्कल किती, याचा अंदाज यावा.

गाडीने जाणार असाल तर पुण्याहून उजाडायच्या आत निघा. मुंबईला वळसा घालून एकदा अहमदाबादचा हायवे लागला की रस्ता चांगला आहे, फक्त ट्रकवाल्यांना तो त्यांच्या वडिलांनी दिलेला वाटतो. टोलसाठी सुटे पैसे हाताशी ठेवा. सुरतेला हायवे सोडून आत शिरा, थंडीत तिथे पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण लिंबू-मिऱ्याची शेव घातल्यावर त्याला स्वतःबद्दल जरा जास्त वाटायला लागतं. माझ्यासारखंच.

भरूचला नर्मदेच्या पुलावर वाहनांची रांग लागली आणि तिथे आमच्या संयुक्त कारभाराची पहिली परीक्षा झाली. जुनी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसते, पण बसल्यावर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. प्रकाश किती, हे माझ्या कॅमेऱ्याला कळत नाही. शैलाच्या कॅमेऱ्यात मात्र प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा एक काटा आहे, तो बरोबर सांगतो. म्हणजे पद्धत अशी: लेन्स आधी तिच्या कॅमेऱ्याला लावायची. तिने डोळा लावून सांगायचं, "सोळावर ठेवा, एकशे पंचवीस." मग लेन्स काढायची, माझ्या कॅमेऱ्याला लावायची आणि फोटो घ्यायचा. तेवढ्यात होडी पुलाखालून निघून जायची.

"इतकं मोजून झालंच आहे तर मीच काढते ना," ती म्हणाली.

"तुझ्या फोटोला पैसे पडतात."

"आणि तुमचा कॅमेरा काय देवानं दिला?"

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

संध्याकाळी बडोद्यात, समा भागातल्या सोसायटीत पोचलो. नाना फाटकात उभेच होते. "या या, जावईबापू, केम छो? रस्त्यात तकलीफ नाही ना झाली?" बडोद्याच्या मराठीत गुजराती कुठे सुरू होते हे शोधू नये, ती वरणातल्या गुळासारखी असते. नाना सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत. कमी बोलतात, आणि जे बोलतात ते टिपण लिहिल्यासारखं. मुलगा हेमंत आणि सून यांच्यासोबत राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंतच्या स्कूटरवरून रावपुऱ्यात. सेव-उसळ खाल्लीत का? नसेल तर हा ब्लॉग बंद करा आणि तिकिटं काढा. वरून तर्री मागा आणि पाण्याचा ग्लास आधीच जवळ ओढून ठेवा. सोबत मिळतो तो पाव मऊ असतो, जिभेची समजूत घालायला उपयोगी. जवळच रस्त्याकडेला पतंगाची दोरी गुलाबी रंगात माखून मोठ्या चाकावर गुंडाळत होते. मी तिथे चाळीसएक फोटो काढले. शैलाने एक काढला आणि लेन्स मला परत देताना म्हणाली, "झाकण लावा हो, आत धूळ जाते."

"डिजिटल आहे. त्याला काही होत नाही." असं म्हणून मी कॅमेऱ्यात एक फुंकर मारली.

उत्तरायणाच्या दिवशी सकाळी सातलाच गच्चीवर स्पीकर लागले. आमच्या गच्चीवर हेमंत पतंग उडवत होता आणि त्याच्या मागे, दोन पावलं बाजूला, नाना फिरकी धरून उभे. फिरकी धरणं म्हणजे दुसऱ्याच्या आनंदाला दोरी पुरवणं: पतंग वर गेला की सोडायची, 'लपेट!' अशी आरोळी आली की गुंडाळायची. शेजारच्या गच्चीवरून जयाबेन चिक्की फेकत होत्या, पलीकडून कोणाचा पतंग कापला की 'काय्पो छे'चा गजर. खाली स्वयंपाकघरात दोन्ही राज्यांचं सरकार एकत्र बसलेलं, उंधियूही आणि गुळाची पोळीही.

मी शिकारीच्या आवेशात होतो. लेन्स काढ, लाव, फुंकर मार, पुन्हा काढ. तोंडात चिक्की असायची. दिवसभरात तीनशेवर फोटो झाले. शैलाच्या रोलमध्ये अजून जागा होती.

संध्याकाळी मी कॅमेरा वायरने टीव्हीला जोडला. सगळे सोफ्यावर, जयाबेनसुद्धा. पहिला फोटो आला. निळंभोर आकाश, हेमंतचा लाल पतंग आणि आजूबाजूला दूरवर छोटे काळे पतंग.

"अरे वा, केटला पतंग!" जयाबेन म्हणाल्या.

"हे वाइड लेन्सचं वैशिष्ट्य," मी म्हणालो.

दुसऱ्या फोटोतही तेच सात पतंग होते. तिसऱ्यातही, त्याच जागी. पाचव्या फोटोत आकाश नव्हतं, जयाबेन होत्या, आणि सातातला एक पतंग त्यांच्या गालावर होता.

"आ मारे गाल पर शुं छे?"

"तीळ आहे," हेमंत म्हणाला. "चिक्कीतला. जिजाजींनी फुंकर मारून आत घातला."

शैला हसू दाबत उठली आणि चहा टाकायला गेली. फिल्मवर धूळ पडली तर त्या एका फोटोपुरती. पुढच्या फोटोला फिल्म नवी. डिजिटलमध्ये प्रकाश टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, तीच, त्यामुळे एकदा बसलेला कण भाडेकरूसारखा प्रत्येक फोटोत राहतो. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मी रिमोट शोधल्यासारखं केलं.

पण खरी बाब पुढे होती. नाना शांतपणे सगळे फोटो बघत होते. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "छान आहेत. मी कुठे आहे?"

मी मागे मागे गेलो. हेमंत, हेमंत, हेमंत, हेमंतच्या उजवीकडे दोरी, दोरीचं टोक चौकटीबाहेर. नाना दिवसभर त्याच्याजवळ दोन पावलांवर उभे होते आणि तीनशे फोटोंत नव्हते. एका फोटोत फिरकीचा दांडा धरलेली दोन बोटं होती.

मी समजावू लागलो. लेन्स तीच, पण माझ्या कॅमेऱ्यातली चकती फिल्मपेक्षा लहान. लेन्स सगळं दाखवते, कॅमेरा मधलं तेवढं घेतो, कडा कापल्या जातात. चौकशीच्या उत्तरासारखं मी ते लांबवलं.

नानांनी ऐकून घेतलं. "बराबर," ते म्हणाले. "म्हणजे कडेला कोण, हे त्याला आधीच माहीत असतं."

ते उठून आत गेले. चहा घेऊन आलेली शैला माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याला मीटर लागत नाही.

बडोद्यात उत्तरायणाचा दुसरा दिवसही असतो, वासी उत्तरायण. शिळ्या पोळीसारखं नाव आहे, चव ताज्याहून बरी. त्या दिवशी मी एकच काम घेतलं: हेमंत आणि नाना एका फोटोत आणायचे. लांब जावं लागणार हे उघड होतं. मी एक पाऊल मागे गेलो. अजून एक. चौकटीत नानांचा खांदा आला. अजून मागे. पाण्याची टाकी पाठीला लागली. टाकीला वळसा घालून कठड्याशी गेलो.

"जमाईराज! पाछळ पाळी छे, पाळी!" जयाबेन ओरडल्या. कठडा माझ्या मांडीला लागला होता. खाली त्यांच्या तुळशी होत्या.

"नाना, तुम्ही जरा आत सरका ना, हेमंतच्या जवळ!" मी म्हणालो.

"दोरी गुंतेल," नाना म्हणाले. जागचे हलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं. फिरकीवाला सरकत नसतो, सरकायचं असतं ते फोटोवाल्याने. आणि मला सरकायला आता फक्त हवा उरली होती.

मी लेन्स काढली आणि शैलाला दिली. पाळी माझी होती, तरी दिली. तिने ती लावली, मी आदल्या दिवशी जिथे उभा होतो तिथेच उभी राहिली, काटा बघितला. मग कॅमेरा खाली घेतला.

"अहो, तुम्ही काय कठड्याशी? तुम्हीही जा तिकडे."

"मी कुठे?"

"कुठेही. माझ्यात मावतं."

मी हेमंतच्या दुसऱ्या बाजूला, जरा लांबच, मोकळा कॅमेरा पोटाशी धरून उभा राहिलो. तिने एकच फोटो काढला.

परतीचा रस्ता तोच आहे, नव्याने सांगण्यासारखं काही नाही. रावपुऱ्यातून लीलो चेवडो, म्हणजे तिथला बटाट्याचा ओलसर चिवडा, आणा, आणि वाटेत डबा उघडू नका, पुण्यापर्यंत पुरत नाही. पुण्यात रोल धुवायला दिला. प्रिंट आल्या तेव्हा शैलाने मला आधी बघू दिल्या नाहीत, नानांना कुरिअर केल्या. करार करार असतो.

चार दिवसांनी फोन आला. शैलाने स्पीकर लावला.

"मिळाले फोटो," नाना म्हणाले. "गच्चीवरचा मोठा करून घेतला. हेमंत आहे, पतंग आहे, मी फिरकीसकट आहे. लेन्स शैलाकडे राहू दे."

"आणि नाना, हे?" तिने विचारलं.

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला.

"जावईबापू अगदी कडेला आहेत," नाना म्हणाले. "पण आहेत."

मी स्टूल आणलं आणि माळ्याचं दार उघडलं.