माझी वचनं, जावेच्या तोंडून

माझी धाकटी जाऊ हॉस्पिटलच्या कापडखोलीत शिवणकाम करायची. फाटक्या चादरींना ठिगळं, ऑपरेशनच्या अंगरख्यांच्या तुटलेल्या नाड्या, उसवलेले अभ्रे. तळघरातली ती खोली. एका भिंतीला वाफेची इस्त्री, दुसऱ्या भिंतीला छतापर्यंत पांढरे गठ्ठे, मधोमध तिचं पायमशीन. एकवीस वर्षं ती तिथे बसली. शिक्षण सातवी नापास. बायबल वाचताना ओळीखाली बोट धरायची आणि लांबलचक शब्द आला की आधी उसवून बघायची, मग जोडायची.

मी शाळेत शिक्षिका, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलची मुख्य बाई, शिवाय पंचांच्या कमिटीची चिटणीस. बायबलच्या वचनांच्या पाठांतर स्पर्धेत नऊ वर्षं ओळीने पहिली. पाळकसाहेब प्रवचन करताना एखाद्या वचनाला अडले की त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे वळायची आणि मी बसल्या जागेवरून अध्याय सांगायचे. साऱ्या माना माझ्याकडे. तो क्षण मला आठवडाभर पुरायचा.

म्हणजे हेवा करायचाच असता तर तिने माझा करायला हवा होता. पण सलत होतं ते मला. घरच्या प्रार्थनेत माझी पाळी आली की सासूबाईंचा डोळा लागायचा. जाऊ अडखळत चार वाक्यं बोलायची आणि सासूबाई पदराने डोळे टिपायच्या. मी म्हणायचे, तिचा आवाज घोगरा आहे, त्याने माणसं हळवी होतात.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी बाहेरून एक प्रवचनकार बोलावले. उंचपुरे, गोड गळ्याचे. पहिल्याच रविवारी उपासनेला बसायला जागा उरली नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी व्यासपीठासमोर एक वेताची टोपली ठेवली आणि सांगितलं, "ज्याचा विश्वास पुरा आहे त्याने आपली औषधं इथे आणून टाकावीत. गोळी गिळणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं."

लोक उठले. कुणी दम्याचा पंप टाकला, कुणी रक्तदाबाच्या गोळ्या. ऑर्गन वाजवणारे आमचे मास्तर वीस वर्षं इन्सुलिनवर होते. त्यांनी खिशातून बाटली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि टोपलीत ठेवली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हे चुकीचं आहे हे मला टाळ्या वाजवतानाच कळत होतं.

पुढच्या रविवारी दोन गीतांच्या मध्ये मास्तर तीनदा पाणी प्यायले. गुरुवारी संध्याकाळी जाऊ माझ्याकडे आली. कामावरून थेट आली होती, बाहीवर पांढरा दोरा चिकटलेला.

"जाऊबाई, मास्तरांचे डोळे खोल गेलेत. वॉर्डात असे आलेले पेशंट मी बघते. काही आपल्या पायांनी परत जात नाहीत."

"मग मी काय करू?"

"औषध घेणं पाप आहे, असं शास्त्रात कुठे आहे का?"

"कुठेच नाही."

"मग उलट कुठे आहे?"

आता माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी पुस्तक न उघडता सांगत गेले. संदेष्ट्याने आजारी राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधायला सांगितला. प्रभूच्या दाखल्यातल्या परक्या माणसाने वाटेवर पडलेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. आणि प्रभूने स्वतःच म्हटलं की वैद्याची गरज दुखणाइतांना असते. तिने तिन्ही ठिकाणं हॉस्पिटलच्या एका जुन्या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घेतली. माझ्या तोंडाकडे असं बघत होती, जणू मी खजिना उघडलाय.

"मग रविवारी तुम्ही बोलाल ना?" तिने विचारलं.

"अगं, तसं उठून बोलत नाहीत. पाळकसाहेबांनी बोलावलेला माणूस आहे. त्याला काही रीत असते. मी कमिटीत हळूच विषय काढीन."

कमिटीची बैठक तीन आठवड्यांनी होती. हे तिलाही माहीत होतं. ती चिठ्ठीची घडी घालून गेली.

रविवारी प्रवचनकारांनी पुन्हा टोपलीकडे बोट केलं आणि मागच्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझी जाऊ उभी होती. एका हातात ती चिठ्ठी, दुसऱ्या हातात बायबल.

"साहेब, मला एक विचारायचंय. हे शास्त्रात नाही."

प्रवचनकार हसले. "बाई, आपलं शिक्षण किती?"

"सातवी नापास. पण वाचता येतं." आणि तिने वाचलं. बोट धरून, अडखळत, राजाचं नाव दोनदा चुकवून. तिन्ही ठिकाणं. माझीच, मी सांगितलेल्याच क्रमाने. शेवटी म्हणाली, "देव बरं करतो, हे मी मानते. पण जे त्याने सांगितलं नाही ते त्याच्या नावावर खपवू नये. मास्तर, तुमची बाटली परत घ्या."

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. "हे तुला कुणी शिकवलं?"

त्यांनी तिला विचारलं खरं, पण नजर माझ्याकडे वळली होती, सवयीने. मी मांडीवरचं गीतपुस्तक चाळायला लागले. जावेची नजर क्षणभर माझ्यावर टेकली आणि पाळकसाहेबांकडे वळली.

"शास्त्रात आहे, साहेब," ती म्हणाली. "कुणीही वाचावं."

तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली. आणि मी तिथे बसून काय विचार करत होते? मास्तरांचा नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, वचनं माझी, पाठांतर माझं, अख्खा जन्म मी या पुस्तकात घालवला, आणि मंडळी आयुष्यभर लक्षात ठेवणार ती हिची घोगरी वाणी. मला तिचा इतका राग आला की शेवटचं गीत गाताना माझा सूर लागला नाही.

मास्तरांनी बाटली घेतली नाही. मंगळवारी ते घरात कोसळले. त्यांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. जाऊ कामाची वेळ संपली की वर वॉर्डात जाऊन त्यांच्या बायकोजवळ बसायची. मीही एकदा गेले. दारातून पाहिलं तर मास्तरांच्या बायकोने जावेच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. मी नेलेली फळं नर्सकडे देऊन तशीच परतले. तेसुद्धा मला बघवलं नाही.

पाचव्या दिवशी मास्तर शुद्धीवर आले. वाचले. डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली. प्रवचनकार पुढच्या कार्यक्रमासाठी दुसऱ्या शहरात निघून गेले आणि टोपली कुणीतरी न बोलता उचलून ठेवली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. ज्या बायका त्या रविवारी ती बाहेर निघाली तेव्हा पदर सावरून बसल्या होत्या, त्या तिला रस्त्यात थांबवायला लागल्या. "तू होतीस म्हणून," असं म्हणायच्या. आमचे हे जेवताना म्हणाले, "धाकटीने नाव काढलं हो घराचं." मी भात वाढताना डाव इतका आपटला की ते गप्प झाले.

शेवटी मला राहवलं नाही. एका दुपारी मी तिच्या कापडखोलीत गेले. ती चादरीच्या कडेला टीप घालत होती. मी उभ्यानेच सुरू केलं.

"त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?"

तिने मशीन थांबवलं. "तुम्हाला नको होतं."

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही पुस्तक चाळत होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं."

मला वाटलं जमीन दुभंगावी. तरी तोंडातून निघालं ते वेगळंच. "सगळीकडे तुझं कौतुक चाललंय. वचनं माझी होती."

हे मी बोलले. पन्नाशी उलटलेली बाई, मुलांना नम्रता शिकवणारी. ती रागावेल असं मला वाटलं, आणि ती रागावलीच.

"मग उठायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही उठला असता तर मला बसायला मिळालं असतं. जाऊबाई, राजाचं नाव मला धड घेता आलं नाही. तुम्ही ते नीट सांगितलं असतं, तर कदाचित मास्तरांनी त्याच दिवशी बाटली उचलली असती. माझं कोण ऐकतं?"

तिचे डोळे भरले होते. दोन बोटांचं ओझं ती आपल्या अडखळण्यावर घेऊन बसली होती. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझं डोकं हिशेब करत होतं तो टाळ्यांचा. मी गठ्ठ्यावर बसले. मग तिने मशीन सुरू केलं, कारण संध्याकाळपर्यंत चाळीस चादरी वर पाठवायच्या होत्या.

वर्षअखेरीला कमिटी बसली. चिटणीस म्हणून वार्षिक अहवाल मला लिहायचा होता. पाळकसाहेब म्हणाले, "त्या प्रकरणाबद्दल लिहा की औषधांविषयी किरकोळ गैरसमज झाला होता, तो मिटला."

मी पेन खाली ठेवलं. "गैरसमज नव्हता, साहेब. खोटी शिकवण होती. आपण ती ऐकून घेतली. मला माहीत असून मी गप्प बसले. तसंच लिहीन, नाहीतर लिहिणार नाही."

एका पंचाने खाकरून सांगितलं की मग दुसरा चिटणीस बघावा लागेल. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. बाहेर आले तेव्हा कुणी पाठ थोपटली नाही, कुणी रस्त्यात थांबवलं नाही. अहवाल दुसऱ्याने लिहिला, त्यात किरकोळ गैरसमजच छापून आला.

जावेला मी हे सांगितलं नाही. सांगावंसं फार वाटत होतं, पण मग ते पुन्हा कौतुकासाठीच झालं असतं. तिला कुणाकडून तरी कळलंच. आता दर गुरुवारी ती येते, मी अध्याय समजावते, ती बोट धरून वाचते. मंडळीत अजूनही कुणी तिचं नाव आदराने घेतलं की छातीत बारीकशी कळ येते. पूर्वीइतकी नाही, पण येते. मी तिला ते सांगून टाकलंय. ती म्हणाली, "बरं. पुढचं वचन कुठलं?"