ओसरीवरची उमेदवारी

खेड्यातली मुलं बोर्डिंगात राहून कॉलेज शिकू लागली, ती शाहू महाराजांच्या अमदानीत. सिकंदर त्यांतलाच एक, गडहिंग्लजचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता आणि सकाळी तासांच्या आधी हंबीरराव वकिलांच्या ओसरीवर उमेदवारी करायचा. उमेदवारी म्हणजे बिनपगारी काम. आलेल्या पक्षकाराला बसवायचं, त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि आत जाऊन वकिलांना सांगायचं.

परीक्षा झाली की बोर्डिंगचं छप्पर सुटणार होतं. पगारी कारकुनाची जागा मिळणार की नाही, हे या ओसरीवरच ठरायचं होतं. नाही मिळाली तर गावी जाऊन वडिलांचा हातोडा उचलायचा. वडील, अल्लाउद्दीन, बाजारात बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचे. हे त्याने कोल्हापुरात कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलंच कुणी, तर 'गावाकडे धंदा आहे' एवढंच म्हणायचा आणि विषय बदलायचा.

त्या सकाळी घोंगडं पांघरलेला एक शेतकरी पायरीशी आला.

"काय काम आहे?" सिकंदरने विचारलं.

"रामराम," शेतकरी म्हणाला.

"रामराम. कज्जा कशाचा? बांधाचा की वाटणीचा?"

शेतकऱ्याने आपल्या पायताणांकडे पाहिलं. "काय न्हाय. जरा पाणी प्यावं म्हटलं." पाणी पिऊन तो गेला, तो सरळ समोरच्या वकिलांच्या दाराकडे बघत बघत.

कोपऱ्यात लेखणी तासत बसलेले जुने कारकून ज्ञानूतात्या खो खो हसले. मग हसणं थांबलं.

"फौजदार हाईस काय रं? माणूस कुठनं आला, वाटंत कुठं टेकला, पाऊसपाणी कसं हाय, कायबी न इचारता भांडण इचारतोस? सख्ख्या भावासंगं भांडण हाय त्येचं. सांगायची लाज वाटती माणसाला."

"तात्या, कॉलेजात सांगतात, मुद्द्याचं बोलावं."

"मुद्दा गेला की आपलंच पाणी पिऊन!" तात्यांनी आवाज उतरवला. "गडहिंग्लजकडचं आकाराम हाय ते. साहेब आठवडाभर वाट बघत्यात त्येची. उद्या इचारतील, पावणं कुठाय? मी खोटं न्हाय सांगायचो. आन् तुला उद्यापास्नं येऊ नको म्हणाले, तर माझ्याकडं बघू नको."

कॉलेजात त्या दिवशी काय शिकवलं, ते सिकंदरला कळलं नाही. वहीत एक ओळ उतरली नाही.  तास संपताच तो खेड्यांतल्या बैलगाड्या सुटायच्या त्या गाडीतळाकडे गेला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली: आपण कृपा करून परत यावं, वकीलसाहेब आपली वाट पाहत आहेत. जसजसा गाडीतळ जवळ आला, तसतशी ती वाक्यं त्यालाच परकी वाटू लागली.

आकाराम गाडीच्या सावलीत भाकरीचं फडकं सोडून बसला होता. त्याने सिकंदरला पाहिलं आणि मान वळवली. जवळच बैल उभा होता, पुढचा डावा पाय उचलून धरलेला. सिकंदर तोंडाशी आलेलं विसरला.

"पत्री कुणी मारली ही?"

"हितंच, काल. का?"

"खिळा खुराच्या कोवळ्यात गेलाय." तो उकिडवा बसला आणि बैलाचा पाय त्याने मांडीवर घेतला. धुतलेल्या धोतराला शेण लागलं. रस्त्याने त्याच्याच वर्गातले दोघं चालले होते. त्यांनी पाहिलं का, हे बघायला त्याने मान वर केली नाही. गाडीतली सांडशी मागून घेतली आणि खिळा उपसला. मागोमाग काळसर रक्ताचा थेंब आला. बैलाने पाय अलगद भुईवर टेकला.

आकाराम भाकरी हातात धरून बघत होता. "आमच्याकडं अल्लाउद्दीन नालबंद आसाच पाय धरतंय."

सिकंदरने सांडशी खाली ठेवली. "त्यांचाच मी."

"आरं तुझ्या! आन् सकाळी इचारतोस, काम काय? गावचं पोरगं तू!" आकारामने अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. मग पाऊस, ऊस, म्हशीचं वासरू असं सगळं झालं आणि भाकरी संपल्यावर विहिरीच्या पाण्याची पाळी निघाली. धाकट्या भावाचं नाव घेताना आकारामचा आवाज बसला. सिकंदरने त्याला सगळं सांगू दिलं.

"उद्या येतासा?" त्याने शेवटी विचारलं.

"बघू," आकाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सिकंदर उजाडताच ओसरीवर आला. रस्त्यावर पायताण वाजलं की तो मान वर करून बघायचा. हंबीरराव स्नान करून बाहेर आले. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या तोंड उघडणार, तेवढ्यात अंगणातून मोठा आवाज आला.

"नालबंदाचं पोरगं कुठाय? त्येच्यापाशीच सांगतो मी."

"कोण नालबंद?" हंबीररावांनी विचारलं.

"मी, साहेब," सिकंदर म्हणाला. "माझे वडील."

हंबीररावांनी एकदा त्याच्याकडे, एकदा आकारामकडे पाहिलं. 

"बसव पाहुण्यांना. सगळं ऐकून घे आणि मग आत ये," ते म्हणाले. वळता वळता थांबले. "परीक्षेनंतर दुसरीकडे कुठं नोकरीचा शब्द दिला नाहीस ना?"

"नाही, साहेब."

तात्यांनी आपली सतरंजी थोडी बाजूला सरकवली. सिकंदरने तांब्या भरला.  तो आकारामसमोर बसला.

"बैल काय म्हणतोय, मामा?"