शून्यावर बसलेलं उत्तर

माझी मावशी कॉलेजात गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात आजोबांच्या चमच्याला ओ देते. आजोबा अंथरुणाला खिळलेत. काही हवं झालं की पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवतात. बोलता येतं त्यांना चांगलं, पण चमचा सोपा पडतो. माझी आई, म्हणजे मावशीची सख्खी थोरली बहीण, लांबून फोनवर म्हणते, "तिला काय, एकटा जीव!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

मावशीने तिचं काम मला एकदा ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने काढून दाखवलं होतं. एकमेकींवर अवलंबून असलेल्या गोष्टी क्षणाक्षणाला कशा बदलतात, याची समीकरणं. मावशी ती सोडवत नाही. त्यांना उत्तर आहे, एवढंच सिद्ध करते.

"एक चौकट आखायची," ती म्हणाली. "काठावरचा, बदलाची दिशा दाखवणारा प्रत्येक बाण आत वळतो हे दाखवायचं. बाहेर जाताच येत नाही, म्हणून उत्तर मध्येच तुटत नाही, कायम चालू राहतं."

"हे गणित आहे की हे घर?" मी विचारलं. ती हसली नाही.

याच सिद्धतेवरून एका मोठ्या संस्थेने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. ती नाही म्हणणार हे आईने गृहीतच धरलेलं. मी बॅग भरली आणि मावशीच्या दारात उभी राहिले.

"माझं काम लॅपटॉपवर चालतं. आजोबांपाशी मी राहते. तू जा."

"जाऊ दे तिला!" आजोबा आतून ओरडले. "मी काय पळून चाललोय?"

मला वाटलं, मावशी मला मिठी मारेल. ती मटकन खुर्चीत बसली.

शुक्रवारी दुपारी ती संस्थेला पाठवायचा मेल उघडून नुसती बघत होती.

"माझा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांनी विचारलंय, त्या समीकरणांना उत्तर एकच आहे का," ती म्हणाली. "नाहीये. शून्यापासून एक उत्तर लगेच चालू लागतं. दुसरं थोडं थांबून. आणि एक शून्यावरच बसून राहतं, जन्मभर. त्याला कोणी धरलेलं नसतं गं. तरी तेही बरोबरच."

"मावशी, मेल लिही."

"इतकी वर्षं वाटायचं, बाबांमुळे अडकलेय. त्यांच्यावर रागही धरला. आता ते जा म्हणतायत, तू आलीयेस, आणि माझ्याच्याने उठवत नाहीये."

मला तिची कीव आली आणि संतापही आला.

तेवढ्यात चमचा वाजला. मी उठेपर्यंत मावशी दाराशी पोचलीसुद्धा होती.

"मी बघते ना, तू बस!"

"तुला नाही कळायचं, उशी कुठे लावायची ते," म्हणत ती आत गेली.

मेलमध्ये 'नमस्कार' एवढंच लिहिलेलं होतं. आतून आजोबांचा आवाज येत होता, "पुरे गं आता, जा." मुदत टळून गेली तरी ती त्यांचे पाय चेपत बसली होती.