रंगूबाईने पाळलेली ओळ

रंगूबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तीसेक स्तोत्रं तोंडपाठ होती. तरुणपणी मुंबईत एका मिशनच्या दवाखान्यात ती आया होती. तिथली एक सिस्टर रोज एक ओळ तिच्या कानावर घाली आणि रंगूबाई फरशी पुसता पुसता ती घोकी. लग्न होऊन उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून असलेल्या या वाडीत ती आली, तेव्हा सामान म्हणजे एक ट्रंक आणि ही स्तोत्रं. पुढे तिच्यामुळेच वाडीतली तीन घरं बुधवारी प्रार्थनेला एकत्र बसू लागली.

बुधवारची रीतही तिचीच. स्तोत्र एका दमात संपवायचं नाही. दोन-तीन ओळी वाचायच्या, ज्याने त्याने त्यातली एक उचलायची आणि पुढच्या बुधवारपर्यंत ती जगून दाखवायची. शेजारच्या काशीबाईने एकदा जीभ आवरण्याची ओळ उचलली होती. आठवडाभर ती कुणाशी भांडली नाही आणि गुरुवारी सगळं भरून काढलं.

वाचायचं काम सुनेचं. उज्वला महाडच्या कॉलेजात बी.ए. झालेली, वाडीच्या अंगणवाडीत शिकवायची. नवरा महाडला कारखान्यात, रविवारी घरी येई. त्या बुधवारी तिने शेहेचाळिसावं स्तोत्र काढलं. देव आमचा आश्रय आहे. म्हणून पृथ्वी उलथली, डोंगर समुद्राच्या पोटात गेले, तरी आम्ही भिणार नाही. एवढ्यात वीज गेली आणि उज्वलाने पुस्तक मिटलं.

"आम्ही भिणार नाय," रंगूबाई म्हणाली. "ही माझी."

"मग माझी पन तीच," काशीबाई म्हणाली. "रंगू नाय भ्याली तर मी कशाला भिऊ?"

शुक्रवारी पाऊस लागला तो थांबेचना. सोमवारी घरामागच्या उतारावर बोटभर भेग दिसली. ग्रामपंचायतीच्या माणसाने तिच्या दोन्ही काठांवर खुंट्या मारल्या, मध्ये सुतळी बांधली आणि बजावलं, सुतळी तुटली की सगळ्यांनी खालच्या शाळेत यायचं. मंगळवारी सकाळी सुतळी तारेसारखी ताणली होती. दुपारी तुटली.

वाडी गोधड्या आणि भांडी डोक्यावर घेऊन निघाली. रंगूबाई चुलीपुढून हलेना.

"आई, चला. सुतळी तुटली."

"सुतळी तुटली गो. डोंगर तुटला काय?"

"तो तुटायची वाट बघायची का?"

"उद्या बुधवार हाय. सा दिवस पाळलं नि सातव्याला पळाली, असं सांगू चारचौघांत?"

उज्वलाची नऊ वर्षांची अक्षदा आजीच्या पदराला धरून बसली. "आजी नाय तर मी पन नाय."

पोरीला उज्वलाला ओढून नेता आलं असतं. पण सासू मागे राहिली आणि काही झालं, तर ती ओळ वाचून दाखवणारा आपलाच आवाज तिला जन्मभर ऐकू आला असता.

"तुला भ्या वाटतं तर तू जा," म्हणत रंगूबाईने हंडा उचलला आणि घरामागच्या झऱ्यावर गेली. परतली ती रिकामा हंडा घेऊन.

"पाणी नाय," ती म्हणाली. "झरा आटला."

चाळीस वर्षांत वैशाखातसुद्धा तो आटला नव्हता. आज चार दिवस आभाळ फाटलेलं, आणि झरा कोरडा. उज्वलाने आपत्तीच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं, भर पावसात झरा थांबला तर पाणी डोंगराच्या पोटात तुंबतंय असं समजा.

तिने कोनाड्यातलं पुस्तक काढलं.

"आई, त्या दिवशी पहिली ओळ कुणीच उचलली नाही. देव आमचा आश्रय. आश्रय म्हणजे काय?"

"आसरा."

"पाऊस आला की आपण आसऱ्याला जातो, की आसरा उठून आपल्याकडे येतो?"

रंगूबाईने रिकामा हंडा खाली ठेवला.

"आणि डोंगर पडणार नाही, असं यात कुठेच नाही. पडला तरी, असं आहे."

"ह्ये तवाच का नाय सांगितलंस?"

"तेव्हा मलाही कळलं नव्हतं."

रंगूबाईने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर तांब्यात उरलेलं पाणी शिंपडलं आणि नातीचा हात धरला.

शाळेत माणसं मोजली जात होती. एक कमी भरत होतं. काशीबाई. शेजारची वैशाली म्हणाली, "मी बोलवायला गेलेली. म्हनली, रंगू घरात हाय तवर मी हलायची नाय."

रंगूबाई टेकली होती, ती उठली.

"मी जाते, आई. तुम्ही बसा."

"तुझं ती ऐकायची नाय. तिला मी बसवलीय."

अक्षदाला वैशालीकडे देऊन उज्वला सासूच्या मागे निघाली. वाटेतल्या वहाळापाशी एरवी पावसात ओढ्याच्या आवाजाने बोललेलं ऐकू येत नाही. आता तो नुसता ठिबकत होता. रंगूबाईच्या घरामागचा फणस, सकाळपर्यंत सरळ उभा असलेला, छपराकडे कलला होता. कुठे पाखराचा आवाज नव्हता.

"उज्वले, मला भ्या वाटतंय," रंगूबाई हळूच म्हणाली.

"मलाही."

काशीबाईचं दार आतून लावलेलं. रंगूबाईने थाप मारली.

"काशे, उघड. मी भ्याली."

आतून कडी निघाली. काशीबाई दारात उभी राहून तिच्याकडे बघत राहिली.

"तू भ्यालीस?"

"भ्याली. चल."

काशीबाई चप्पलही न घालता निघाली. तिघी एकमेकींचे हात धरून उतरल्या. मागे कुणी पाहिलं नाही. वहाळाशी आल्या तेव्हा त्याला पाणी परत आलं होतं. लाल, दाट, आणि त्यात त्या कललेल्या फणसाची हिरवी पानं.