मऊ भाकर
वैजापूरला निघालो म्हणून सुनेनं गरम भाकर फडक्यात बांधली, अन् त्या वासानं थोरली बहीण आठवली. ती हैदराबादला दिलेली. रातभर रेल्वेत बसायचं म्हणून मी कायम शिदोरी न्यायचो. तिच्या दारी पोचेस्तोवर भाकर कडक व्हायची. ती लई आजारी पडली तवा भाच्यानं विमानाचं तिकीट काढलं. फोनवर हसला, "मामा, तासाभराचा रस्ता हाय, शिदोरी कशाला?" मी ऐकतोय व्हय! चिकलठाण्याला शिदोरी मांडीवर घेऊनच विमानात बसलो. तिथल्या पोरीनं खायचं विचारलं, तर "घरचं हाय" म्हणलं. गाठ सोडावी म्हणेस्तोवर विमान उतरलंबी. दवाखान्यात ती गाठ बहिणीनंच सोडली. भाकर बोटानं दाबून पाहिली, तुकडा तोंडात घोळवत राहिली. "मऊ हाय रे," म्हणाली, "माहेर एवढं जवळ होतं व्हय?" त्याच महिन्यात ती गेली. आता गुडघे थकलेत, एसटीची पायरीबी उंच वाटते. शिदोरी तेवढी नेतो. पण कितीबी लवकर पोचलो तरी भाकर दाबून बघणारं कुणी नाय.