ऋतुजाची दुसरी तलवार

रविवारी सकाळी क्रीडा संकुलात तलवारबाजीच्या उपांत्य लढतीत ऋतुजाची दुसरी तलवारही तुटली. दोन्ही हलक्या, याच मोसमात घेतलेल्या. वाकलेलं पातं सगळ्याच मुली बुटाखाली दाबून सरळ करतात. दिसायला ते सरळ होतं. पण प्रत्येक बाक आत एक बारीक चीर ठेवून जातो आणि मग एखाद्या साध्या वारालाही पातं तुटतं. माणसाला लागलेलं बोलणंही बहुधा असंच आत राहतं.

तिसरी तलवार तिच्याकडे नव्हती. तलवार नसेल तर लढत सोडावी लागते. ती प्रतिस्पर्धी अस्मिताकडे आली.

"अस्मे, तुझी एक दे ना. एवढी लढत होऊ दे."

"गेल्या वर्षी मी मागितली तेव्हा काय म्हणालीस?"

ऋतुजाने हातातली तुटकी तलवार खाली ठेवली.

"परवडत नाही तर खेळायला कशाला येता, म्हणालीस. सगळ्यांसमोर."

"चेष्टा केली होती गं."

"मग हीही चेष्टाच समज, बाई."

अस्मिताने आपल्या तलवारींच्या पिशवीची चेन लावली. पंचांनी थोडा वेळ वाट पाहून तिला विजयी घोषित केलं. पंधरा गुणांची ती लढत थांबली तेव्हा ऋतुजा चौदा-नऊने पुढे होती.