एका बुडबुड्यापायी तुफान हुकलं

"थांबा, थांबा! हवा निंगून राहिली!"

मी एवढ्या जोरानं ओरडली का झोळीतली माझी पोरगी दचकून रडाले लागली. आमचा लोखंडी गोळा न्याले आलेला ट्रक दारात उभा. राऊतभाऊ, आमचे सुपरवायझर, धावतच आले.

"कुठं वो?"

"हे इथं, झाकनाच्या खाली. बुडबुडा आला अन् फुगला."

राऊतभाऊनं चिंधी घेतली अन् सवयीनं जागा पुसून टाकली. पुसाचं, पुन्हा साबन लावाचं, पुन्हा पाहाचं, अशीच आमची रीत. मी साबन लावलं. काई नाई. पुन्हा लावलं. काईच नाई.

काम काय ते सांगते. कोहका गावच्या एका शेडमधी मी रेजा आहो, म्हंजे मजूर बाई. शिक्षन सातवी, तेही अर्धं. आमचा मालक पोलादाच्या प्लांटचे जॉब घेते, पन तवा मद्रासच्या एका साहेबानं समुद्रात तरंगनारा लोखंडी गोळा बनवाले देल्ला होता. माझ्या कमरेएवढा. अंदर मशीन. लाट गोळ्याले उचलते, मशीन किती उचललं ते मोजते अन् रेडिओनं किनाऱ्यावर कळवते. अंदर पानी गेलं का खतम.

साहेब सांगे, बाहेरदेशी समुद्रात पवनचक्क्या उभ्या करून राहिले. आपल्याकडं कधी करतो म्हनलं तं तुफानातली लाट किती उंच येते ते पहिले ठाऊक पाह्यजे. अंदाजानं खांब रोवला तं मोडन, अन् दुरुस्तीले वर चढलेला मानूसही जाईन. म्हनून तुफानाच्या आधी गोळा पान्यात पाह्यजे होता. विशाखापट्टनमले जहाज थांबून होतं.

माझं काम सोप टेस्टचं. गोळ्यात पंपानं हवा भरतात, मी जोडावर साबनाचं पानी लावते. हवा निंगत असन तं तिथं बुडबुडा फुगते. पानी हळूच कालवा लागते. फेस झाला का फेसाचे बुडबुडे फसवतात. त्या दिवशी पोरगी रडून राहिली होती, मी घाईघाईनं कालवलं. फेस झाला होता का? मले नाई आठवत.

गोळा न्याले सोता आलेला मद्रासचा साहेब जवळ आला. "बहन, पक्का देखा?"

"देखा साब."

"फेन तो नहीं था?"

मी साबनाच्या पान्याकडं पायलं.

"सांग न वो बाई, हो का नाई!" राऊतभाऊ खेकसले.

बाजूची बिसाहिन, तेही रेजाच, हासली. "तोर नोनी के लार देख परे होबे!"

मले लय राग आला. माझ्या पोरीची लाळ मले ओळखू येत नाई का? म्हनली, "दिसला साब. फुगला."

साहेबानं एकदा ट्रककडं पायलं, एकदा गोळ्याकडं. "खोलो."

झाकन खोललं तं खालचं रबराचं गॅसकेट चिकटून फाटलं. राऊतभाऊ ते बोटात धरून उलटंपालटं करत राहिले. आधीचंच फाटलं होतं, का खोलतानी फाटलं? कोनाले सांगता येईना. नवीन गॅसकेट मद्रासहूनच येनार. ट्रक रिकामा गेला, अन् जहाज निंगून गेलं.

नवीन रबर आलं, बसवलं, पन तोवर तुफान येऊन गेलं होतं. साहेबाचा फोन आला तवा मालकानं मलेही केबिनमधी बोलावलं. वाटलं, आता कामावरून काढते. साहेब चिल्लावला असता तं बरं झालं असतं. तो हळूच म्हने, "तूफान आया, चला गया, बहन. नापा किसी ने नहीं. कागज़ पर फिर अंदाज़ा ही लिखना पड़ेगा."

गोळा मंग गेला. सारा हिवाळा शांत पान्यात डोलत राहिला, एक थेंब अंदर नाई गेला. पन तो गोळा नव्या रबराचा होता. जुन्याचं काय होतं?

आमच्या शेडमधी आता एवढंच बदललं का बुडबुडा दिसला तं चिंधीले हात नाई लावाचा. पहिले दुसऱ्या दोघाले दाखवाचं, मंग पुसाचं. राऊतभाऊ मले त्यावरून कधी टाकून बोलले नाई. कामही गेलं नाई. पन साबन कालवतानी अजूनही मनात तेच येते. गप राहिली असती अन् गोळा बुडला असता तं लाट तशीही मोजली गेली नसती, वरून मशीनही गेली असती. अन् नाई बुडला असता तं?

तुमाले तसा एकच बुडबुडा दिसला असता, अन् दुसऱ्यांदा नाई, तं तुम्ही साहेबाले काय सांगतलं असतं?